एक लाखाचं शहर आणि मधली मिल

माझ्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात एकच उत्तर असायचं: गिरणी कामगार, आणि पुढे कंसात, संपावर. पहिलीत होतं, दहावीत होतं, सिव्हिलच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला तेव्हाही बाबांनी तेच लिहिलं. खिडकीतल्या क्लार्कने चष्मा वर करून आधी फॉर्मकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. संप सुरू झाला तेव्हा मी रांगत होते. "संप कोणी मागे घेतल्यान काय? नाय ना? मग चालू आसा," असं बाबांचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढायला कुणाकडे कागद नव्हता.

बाबा लालबागच्या एका मिलमध्ये साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. मी ज्या दिवसांबद्दल लिहितेय तेव्हा ते दादरला एका ऑफिसच्या इमारतीत वॉचमन होते, सकाळच्या पाळीला. पण ती नोकरी नव्हती, तो टाइमपास होता. नोकरी मिलमध्ये होती, फक्त संप चालू होता.

त्या वर्षी चाळीत घराचे फॉर्म आले. मिलच्या जमिनीवर कामगारांना घरं मिळावीत म्हणून मागणी चालली होती आणि त्यासाठी एकेका कामगाराची माहिती गोळा करत होते. आमच्या जिन्यावरच्या सगळ्यांनी भरले. आमचा फॉर्म आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवला होता, कारण बाबा एका रकान्यावर अडले होते. रकाना होता: गिरणी सोडल्याचं कारण.

"मी सोडलंयच नाय," बाबा म्हणायचे, "तर कारण खंयसून आणू?"

"काय तरी लिवा आणि मोकळे व्हा!" आई म्हणायची.

"खोटा लिवचंय नाय."

आई मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडायला जायची, त्यामुळे तिच्या रागालाही झणका होता. एका दिवशी तिने मला दम भरला. महिनाअखेर शेवटची तारीख आहे, तुझं ऐकतात, तू भरून घे, नाहीतर तो तुझा डबा मी खाली फेकून देईन.

डबा म्हणजे कॉम्प्युटर. गिरगावच्या मामाने ऑफिसात नवीन मशीन घेतल्यावर जुनं मला दिलं होतं, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकायला म्हणून. ते ठेवायला जागा नव्हती, तेव्हा बाबांनी आपली घडीची खाट काढून गॅलरीत नेली आणि मशीन त्यांच्या जागी बसलं. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर मी शिकले, नाही असं नाही. पण वर्गातल्या मैत्रिणीने एक सीडी दिली, वर मार्करने नुसतं "शहर" लिहिलेलं, आणि माझं डोकं फिरलं. खरंच फिरलं. रिकामी जमीन, थोडं पाणी, हातात पैसे, आणि तुम्ही महापौर! हिरवा रंग फासला की घरं उगवतात, निळा फासला की दुकानं, पिवळा फासला की कारखाने. पण रंग फासून काही होत नाही, रस्ता लागतो. रस्त्याशिवाय एक झोपडं उभं राहत नाही. माझ्यासारख्या सिव्हिलच्या मुलीपुढे कुणी लाडूंचं ताट ठेवलं असतं तरी मी इतकी खूश झाले नसते.

मी जमिनीचा असा तुकडा निवडला ज्याला तिन्ही बाजूंनी पाणी होतं. पूर्वेला चिखलाचा किनारा होता, तिथे बंदर घातलं आणि नाव दिलं शिवडी. वर सपाट ओसाड जागेला वडाळा. मधोमध आमचं लालबाग, परळ. मग ग्राफपेपरवर आखावेत तसे रस्ते आखले. उभे बारा, आडवे बारा, सगळे चौक काटकोनात, एकही तिरकी गल्ली नाही. खऱ्या लालबागच्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांचा मला लहानपणापासून राग होता. पत्ता सांगताना "पानवाल्याच्या बाजूने आत, मग नळ, मग जिना" असं सांगावं लागतं ते माझ्या शहरात चालणार नव्हतं.

तीन दिवसांत माझं शहर ठप्प झालं. रहदारी दाखवणारं बटण दाबलं की मोकळे रस्ते हिरवे दिसायचे आणि तुंबलेले लाल. माझे सगळेच्या सगळे लाल. लोकसंख्या चाळीस हजारांवर अडकली आणि लोक निघून जायला लागले. मी रागाने रस्ते रुंद केले. आणखी तुंबले. मी माउस आपटला.

बाबा तीनच्या सुमारास दादरहून आले होते आणि मागे चहा घेऊन उभे होते. त्यांनी वाकून पडद्याकडे पाहिलं. मुंग्यांएवढ्या मोटारी एकामागे एक लागल्या होत्या.

"ह्यो गाड्यो कोणाच्यो गो?"

"कामगारांच्या. घरून कारखान्यात चालल्यायत."

"कामगारांच्यो?" बाबांनी कप खाली ठेवला. "सगळ्यांकडे एकेक?"

"हो. खेळ तसाच आहे."

मग बाबा जे हसायला लागले ते थांबेनात. आमच्या चार मजल्यांच्या चाळीत एक स्कूटर होती आणि तीही दिवसाआड ढकलून चालू व्हायची. ते गॅलरीत जाऊन शेजाऱ्यांना सांगून आले की माझ्या मुलीने रोजंदारीवरच्या बदली कामगाराला मोटार दिली. परत आले तेव्हाही हसत होते. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मला रागही नीट येईना.

"अगो, पण मिल खंय आसा?" त्यांनी विचारलं.

मी कारखाने वडाळ्याच्या टोकाला घातले होते, पुस्तकात लिहिलं होतं तसे, वस्तीपासून लांब. बाबांना ते मुळीच पटलं नाही. मिल वस्तीत हवी, भोंगा ऐकू यायला हवा, माणसं चालत जातील. मी म्हटलं, धुराने लोक आजारी पडतील, पळून जातील. ते म्हणाले, आम्ही पळालो काय? शेवटी मी अगदी मधोमध, लालबागच्या जागी, पिवळा चौकोन फासला. थोड्या वेळाने तिथे एक कारखाना उभा राहिला, लाल विटांचा, वर चिमणी. चिमणीतून धूर निघाला तेव्हा बाबा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. त्या दिवसापासून रोज तीन वाजता ते तिथेच बसायचे.

आता बाबांबद्दल एक सांगायला हवं. साचेखात्यात इतका आवाज असतो की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. धागा तुटला, जॉबर म्हणजे मुकादम येतोय, चहा आण, सगळ्याला खुणा. मिल सुटली तरी बाबांच्या खुणा सुटल्या नव्हत्या. घरातही अर्धं बोलणं हातांनी. तळहात खाली दाबला म्हणजे हळू. बोट गोल फिरवलं म्हणजे वळव. आणि मूठ धरून खाली झटकत उघडली म्हणजे साचा बंद, माग थांबला. आमच्या मंडळाचा गणपती विसर्जनाला निघायचा तेव्हा बाबा ट्रॉलीच्या पुढे असायचे, हातात लांब बांबू, टोकाला आडवी पट्टी ठोकलेला. त्याने विजेच्या आणि केबलच्या वायरी उचलायच्या आणि मागे ट्रॉली ढकलणाऱ्यांना हाताने सांगायचं, इकडे दाब, तिकडे सोड. ढोलताशात काही ऐकू येत नाही, तिथे साचेखात्याची भाषाच लागते. लालबाग ते गिरगाव चौपाटी, कुठला रस्ता कुठे उतरतो, कुठलं वळण किती फुटांचं, कुठल्या झाडाची फांदी किती खाली, सगळं या माणसाला पाठ होतं. आणि मी घरात असा माणूस असताना पुस्तकातून रस्ते शिकत होते!

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या चौकोनांबद्दल.

"तू खोलयेतसून भायर कशी पडतस?" त्यांनी विचारलं.

"कशी म्हणजे? दारातून."

"दारातसून खंय? गॅलरीत. गॅलरीतसून जिन्यात. मग चौकात, मग गल्लयेत, मग नाक्यार, आणि मगे रोडार. खोलयेतसून कोण सरळ रोडार उडी मारता काय?"

माझ्या शहरात प्रत्येक गल्ली थेट मोठ्या रस्त्याला मिळत होती. दर दहा पावलांवर चौक, दर चौकात थांबा, आणि कुठलाच रस्ता दुसऱ्यापेक्षा मोठा नाही. सर वर्गात रस्त्यांच्या श्रेणी शिकवायचे तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं आणि परीक्षेत तसंच उतरवलं होतं. पण श्रेणी म्हणजे आमचा जिना आणि गॅलरी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी अर्धं शहर उखडलं. गल्ल्या एकमेकींत गुंतवल्या, चार गल्ल्यांचा एक नाका केला, आणि नाकाच फक्त मोठ्या रस्त्याला जोडला. मोठ्या रस्त्यावर चौक कमी केले. बाबा बोटाने दाखवायचे आणि मी माउस फिरवायचे. त्या आठवड्यात मी कॉलेजातून धावत घरी यायचे. खरोखर धावत, चिंचपोकळीच्या पुलावरून, ओढणी उडत. लाल रस्ते पिवळे झाले, पिवळे हिरवे झाले. पन्नास हजार, साठ, सत्तर! आई दुकानातून आली की चप्पल काढायच्या आधी विचारायची, किती झाले? आणि लगेच आठवल्यासारखं करून म्हणायची, आणि फॉर्म?

फॉर्मचा विषय मी रोज काढायचे. बाबा रोज तळहात खाली दाबायचे. हळू.

नव्वद हजारांना शहर पुन्हा अडकलं. आता एकच जागा लाल होती, पण ती गडद, रक्तासारखी लाल: मिलच्या दारातला नाका. शिवडी बंदरातून माल घेऊन निघालेले सगळे ट्रक आणि वडाळ्याहून येणाऱ्या सगळ्या मोटारी तिथे एकमेकांसमोर यायच्या. खेळात हायवे होता, खांबांवरून जाणारा, मी त्याच्यासाठी पैसे जपून ठेवले होते. शिवडीपासून सरळ पश्चिमेला एक रेघ ओढली की झालं. रेघ ओढून पाहिली. खेळ बांधण्याआधी दाखवतो की वाटेत काय काय पडेल. मिल लाल झाली.

"पाडू नको हां," बाबा लगेच म्हणाले.

"बाबा, एक कारखाना आहे. दुसरीकडे दुसरा होईल."

"पाडू नको म्हटलंय ना!"

मी चिडले. एक लाख झाले की खेळ शहराला राजधानीसारखा मान देतो, कारंजं देतो, मोठी इमारत देतो, आणि मला फक्त दहा हजार कमी पडत होते. मी म्हटलं, खऱ्या मुंबईत पाडतायतच ना, मग माझ्या शहरात काय झालं? बोलून गेले आणि जीभ चावली. बाबा उठून गॅलरीत खाटेवर जाऊन बसले. आई पोळी लाटत होती, तिने लाटणं थांबवून माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता बाबा आले, खुर्ची ओढली, आणि जणू मध्ये काही झालंच नाही असं म्हणाले, "अगो, आपलो गणपती त्या गल्लयेतसून कसो भायर काढतत?"

आमच्या मंडपाची गल्ली इतकी अरुंद की मूर्ती बाहेर निघाली की समोरून सायकलसुद्धा येऊ शकत नाही. म्हणून मंडळाचा जुना नियम होता, जाताना एक वाट, येताना दुसरी. मूर्ती पुढच्या गल्लीने बाहेर पडते आणि रिकामी ट्रॉली मागच्या गल्लीने आत येते. दोघांची गाठ पडतच नाही.

"मिल मधी रव्हांदे," बाबा म्हणाले. "एका बाजून जावंदे, दुसऱ्या बाजून येवंदे."

एकदिशा रस्ते! खेळात होते, बाणांसहित, आणि मी कधी बटण दाबून पाहिलं नव्हतं. मी लगेच ते बटण दाबलं. मिलच्या उत्तरेचा रस्ता पश्चिमेकडे जाणारा, दक्षिणेचा पूर्वेकडे येणारा, मध्ये मिल बेटासारखी. ट्रकांसाठी हायवे काढला, पण तो शिवडीहून वर, वडाळ्याच्या ओसाड जागेतून वळसा घालून, आणि त्यावर चढायला-उतरायला फक्त दोनच जागा. बाबा उभे राहून हातांनी सांगत होते. इकडे दाब. सोड. वळव, वळव, हळू. हायवेचं एक वळण मी काटकोनात घेतलं तर त्यांनी कपाळावर हात मारला, "हयसून मूर्ती वळतली काय?" मी ते वळण मोडून लांबट, मोकळं केलं. मग वेळ पुढे सोडला.

नाका गडद लाल होता. लाल झाला. मग नारिंगी. मग, आई शप्पथ, पिवळा! मी किंचाळले. बाबांनी शिट्टी मारली, तोंडात दोन बोटं घालून, गणपती चौपाटीला पोचल्यावर मारतात तशी. शेजारचे दोघं दारात आले, आई कणकेच्या हातांनी उठून आली. ब्याण्णव, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव हजार. आकडा मीटरसारखा पळत होता आणि आम्ही सगळे त्याच्याबरोबर ओरडत होतो. नव्याण्णव हजार दोनशे. नव्याण्णव हजार सहाशे.

आणि तिथे थांबला. बाबांच्या ते आधी लक्षात आलं. चिमणीतून धूर निघत नव्हता. बघता बघता मिलच्या लाल विटा काळ्या पडल्या, खिडक्या फुटल्या. मी त्यावर क्लिक केलं तर इंग्रजीत एक ओळ आली.

"काय लिवलाहा?" बाबांनी विचारलं.

"सोडून दिलेली इमारत."

"कोणी सोडल्यान?"

मला उत्तर माहीत होतं, कारण खेळाचे नियम मी पाठ केले होते. रस्ते इतके चांगले झाले होते की मधल्या जागेचा भाव वाढला होता. एवढ्या महाग जागेवर मिल चालवणं खेळाला परवडत नव्हतं. आम्ही तिच्यावर हायवे घातला नाही, एक वीट पाडली नाही, उलट तिच्यासाठी अख्खी रहदारी वळवली, आणि तरी ती गेली. मी हे जमेल तसं सांगितलं.

"म्हणजे कामगारांनी नाय सोडल्यानी," बाबा म्हणाले.

"नाही. ते तर रोज येत होते. गाड्या घेऊन."

बाबांनी मूठ धरली आणि खाली झटकत उघडली. साचा बंद. ती खूण ते स्वतःशी करत होते. मग त्यांनी त्या काळ्या चौकोनावर बोट टेकवलं.

"थंयसर घरां घाल."

"कोणाची?"

"त्येंचीच. गाड्यो दिलंस नाय सगळ्यांका? आता घरां पण दी."

मी मिल पाडली. कसली चिमणी, कसल्या विटा, एका क्लिकमध्ये सपाट. त्या जागेवर हिरवा रंग फासताना मला पडदा नीट दिसत नव्हता. मागे खडखड झाली म्हणून वळून पाहिलं. बाबा देवाच्या फोटोमागची पिशवी काढत होते.

"पेन दी," ते म्हणाले.

पोळपाट बाजूला सारून आईने जमीन पुसली, आणि बाबा तिथे मांडी घालून बसले. नाव, खातं, मिलमधला तिकीट नंबर त्यांनी भराभर लिहिलं. त्या रकान्याशी येऊन थांबले. गिरणी सोडल्याचं कारण. मग एकेक अक्षर कोरत त्यांनी लिहिलं, मी खांद्यावरून वाचलं: मी सोडली नाही. संप चालू असताना मिलच गेली.

खाली सही केली, तारीख घातली, आणि कागदावरून मान वर न करता मला विचारलं, "भरली काय गो घरां?"

"भरतायत बाबा," मी म्हटलं.